रहाडीचा रंग

आमच्या गल्लीत रस्त्याच्या मधोमध रहाड आहे, म्हणजे जमिनीखालचा दगडी हौद. वर्षभर ती फळ्या आणि मातीखाली असते, वरून गाड्या जातात. रंगपंचमीला ती उघडतात, रंगीत पाण्याने भरतात आणि माणसं आत उड्या मारतात. रंग उकळायचं काम आमच्या घराकडे होतं. पेठ तालुक्यातून पळसाची फुलं यायची, मागच्या अंगणात कढया चढायच्या आणि सासूबाई दुसऱ्या कोणाला ढवळू द्यायच्या नाहीत.

मग सगळी घरं पाडून बिल्डिंग झाली. आम्हाला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. लिफ्ट आहे, संडास घरात आहे, माझी तक्रार नाही. जुन्यांपैकी आम्ही आणि समोरचे शिंपी, एवढेच परत आलो. बाकीचे पाथर्डी फाट्याकडे गेले ते तिकडचेच झाले. पिठाच्या गिरणीच्या जागी कॉफीचं दुकान आलं.

पहिल्याच रंगपंचमीच्या दोन दिवस आधी सासूबाईंनी पार्किंगमध्ये चूल मांडायचं ठरवलं. पहिल्या मजल्यावरच्या नव्या बाई वर आल्या. ओझरला नोकरीला असतात, स्वभावाने चांगल्या आहेत.

"आजी, धुराने भिंती काळ्या होतील हो. रेडिमेड रंग मिळत नाही का?"

"मिळतो की. पुरणपोळीही मिळते," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तुम्ही होळीला पाकीट फोडता का?"

"फोडतो ना," बाई सरळ म्हणाल्या.

सासूबाई चुलीसाठी विटा बघायला खाली गेल्या.

संध्याकाळी सोसायटीचा निरोप आला, पार्किंगमध्ये विस्तव पेटवायचा नाही. मंडळाच्या मुलांनी मार्ग काढला. रंग केटररकडे उकळायचा आणि टेम्पोने आणायचा.

"आजी, तुम्ही फक्त पहिली कळशी ओता. मान तुमच्याच घराचा."

"ज्याने उकळला त्याने ओतावा," असं म्हणून सासूबाई आत गेल्या.

रंगपंचमीला दुपारी निळी पिंपं उतरली. मुलं दोनदा बोलवायला आली. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. झोपल्या नव्हत्या. शेवटी मी खाली गेले आणि केटररचा माणूस कुठे आहे, असं विचारलं. तो टेम्पोबरोबर परत गेला होता. लोक खोळंबले होते. कॉफीच्या दुकानातले लोक मोबाइल वर धरून उभे होते, पहिल्या मजल्यावरच्या बाई सगळ्यात पुढे. मी कळशी ओतली. रंग गारढोण होता.

वर येऊन हात धुतले. एका साबणात स्वच्छ निघाले; घरच्या रंगाने चार-चार दिवस केशरी राहायचे. सासूबाईंनी हात पुढे करायला सांगितला, उलटासुलटा करून पाहिला आणि सोडून दिला.

"पुढच्या वर्षी आपल्या घरातून कोणी जायचं नाही," त्या म्हणाल्या.

मी खाली जाऊन मुलांना तसं सांगितलं. पहिल्या मजल्यावरच्या बाईंना विचारा म्हटलं, त्यांना हौस आहे. मुलांनी मान डोलावली. कोणी आग्रह केला नाही.