समोरून ‘बराबर’ म्हणणारं कोणी

मनीषनगरात आमच्या भिंतीले लागून सुशीलचा फ्लॅट. दुपारचं तिकडून बोलणं ऐकू आलं. मले वाटलं, चला, बायको गेल्यावर याच्या घरी कोणी पाहुणा तर आला! म्हणून कोथिंबीर भरलेल्या गरम सांबारवड्या घेऊन गेली. पाहुणा कुठला? टेबलावर कॉम्प्युटर आणि समोर हा एकटा.

“कोणासंग बोलून राहिला होता गा?”

“कागदासंग, मावशी,” म्हणाला, आणि लाजला.

सुशीलची सगळी नोकरी परदेशातून येणाऱ्या मालाच्या कागदांत गेली. बिलावर एक वजन आणि यादीत दुसरं निघालं, की माल कस्टमच्या डेपोत अडकलाच. म्हणून हापिसात हा मोठ्यानं वाचायचा, समोरचे भैय्याजी दुसऱ्या कागदावर बोट ठेवून ‘बराबर’ म्हणायचे. मधेच एकमेकाच्या डब्यातली भाजी, एकमेकाची टिंगल. मग सुशीलनंच डोकं चालवलं. जहाज बंदराले लागायच्या आधीच कागद कॉम्प्युटरवर मागवायचे, चूक तेव्हाच सुधरवायची. मालकाले ते इतकं आवडलं, की कागद जुळवायचं काम त्यानं कॉम्प्युटरलेच देऊन टाकलं. सुशीलची पाठ थोपटली आणि हापिस बंद केलं. उरलेलं काम घरून करा म्हणे. भैय्याजी भिवापूरले लेकीकडे गेले.

“शहाणपणा नडला तुले,” मी म्हटलं. “आता मशीन जुळवते, तर तू वाचतो काहून?”

“घरात आवाज पाहिजे न, मावशी.”

मी म्हटलं, मग मालकाले सांग न, हप्त्यातून दोन दिवस बसाले कुठं जागा दे म्हणून. सुशीलच्याही मनात कधीचं होतं, हिंमत होत नव्हती. माझ्यासमोर फोन लावला. मालकाचा, ऋषिकेश सायबाचा, आवाज मलेही ऐकू आला.

“बोला सुशीलजी. कामात अडचण?”

“नाही सर. काम एकदम मस्त चाललं.”

“नेट स्लो आहे का? नवीन लावून देतो.”

“नेट चांगलं आहे, सर.”

“मग?”

मी हातानं खूण केली, बोल, बोल.

“काही नाही सर. सहजच केला होता.”

मले असा राग आला! “काहून नाही सांगितलं?”

“काय सांगू, मावशी? एवढ्या वयात एकटं वाटते म्हणू?”

“मग वाटत नाही का?”

“वाटते,” म्हणाला, आणि कॉम्प्युटरकडे वळला. कोणत्या तरी जहाजाचे कागद आले होते. मी काही उठली नाही. आता मोठ्यानं वाचेल, मी ‘बराबर’ म्हणीन म्हणून बसली, तर माझ्यासमोर लाजून तो चूपचाप वाचून राहिला.