आईच्या ट्रेनिंगचं पुस्तक आणि माझी लेक

गेल्या दिवाळीत माझी मुलगी सुवार्ता नगरच्या हॉस्टेलवरून श्रीरामपूरला घरी आली, ती गादीसकट! रिक्षातून गादी उतरताना पाहिली आणि मला कळून चुकलं. सुट्टीला येणारी पोरगी गादी कशाला आणेल...

नर्सिंगचं पहिलं वर्ष होतं. बारावीपर्यंत सगळं शिक्षण मराठीतून आणि इथे एकदम जाडजूड इंग्लिश पुस्तकं. "मम्मी, मी पाठ करते, पण मला कळत काहीच नाही. मी परत जाणार नाही," एवढंच म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन झोपली.

मी समजावलं, रागावले, शेवटी रडलेही. माझी आई मात्र शांत. आई म्हणजे रिटायर्ड नर्स, अख्खं आयुष्य वॉर्डात गेलेलं. संध्याकाळी ती मला म्हणाली, "आमच्या ट्रेनिंगला एक मराठी पुस्तक होतं गं. हृदय कसं चालतं ते असं लिहिलं होतं, की शेजारीण सांगतेय असं वाटायचं. ते मिळव."

मिळव म्हणजे काय... ते छापायचं बंद होऊन जमाना झाला. (नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यातले उपचार आता जुने झालेत, उगाच कुणी वाचून करायला नको.)

तरी मोबाईल घेऊन बसले. नाव मराठीत टाकलं, काही नाही. इंग्लिशमध्ये टाकलं तर एका साइटवर 'दुर्मिळ' म्हणून एकच प्रत सापडली. किंमत ऐकून आई म्हणाली, "एवढ्यात तर माझं सगळं ट्रेनिंग झालं होतं!"

मी नाद सोडणार होते. पण आईचं डोकं चाललं. "अगं, ज्याच्याकडे ते पडलंय त्याला त्याचं नाव कशाला माहीत असेल? तो 'जुनी डॉक्टरकीची पुस्तकं' म्हणूनच विकत असेल. तसं शोध की."

मग तसंच शोधायला लागलो. जुनी पुस्तकं विकणारे ग्रुप, सेकंडहँड वस्तूंची ॲप्स... 'मेडिकल', 'नर्स', 'मराठी', जे सुचेल ते टाकायचं. दोन-तीन दिवस रोज जेवण झालं की आई चष्मा पुसून माझ्या शेजारी येऊन बसायची.

आणि एका फोटोत आई थांबली. सांगलीकडच्या एका दुकानदाराने पुस्तकांच्या थप्पीचा फोटो टाकला होता. पुस्तकांची नावं लिहिली नव्हती, नुसत्या त्यांच्या कापडी पाठी दिसत होत्या. आईने दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि ओरडलीच, "हेच! हा हिरवा कापडी पुठ्ठा मी कुठेही ओळखीन!"

फोनही तिनेच केला. "दादा, वाळवी लागलीय का? हृदयाचं प्रकरण पूर्ण आहे ना? जरा त्या पानांचे फोटो पाठवा." त्याने बिचाऱ्याने लगेच पाठवले, आणि भाव सांगितला तो आमच्या एका वेळच्या भाजीपेक्षा कमी!

पार्सल आलं तेव्हा सुवार्ताने नाक मुरडलं. "आज्जी, परीक्षा इंग्लिशमध्ये असते. हे वाचून काय उपयोग?"

"परीक्षा इंग्लिशमध्येच दे," आई म्हणाली. "समजून मराठीत घे."

मग आमच्या ओसरीवर शाळाच भरली. एका बाजूला सुवार्ताचं इंग्लिश पुस्तक, दुसऱ्या बाजूला हे. आईच्या हातात पेन्सिल... "हे आता असं करत नाहीत," म्हणत ती जुनी औषधं खोडून टाकायची आणि शरीर कसं चालतं ते तेवढं वाचून घ्यायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सुवार्ता अचानक म्हणाली, "एवढंच असतं होय हे? मग इंग्लिशमध्ये एवढं अवघड का लिहिलंय?" त्या क्षणी मला कळलं, गादी परत जाणार.

गेलीही. सुवार्ता पहिलं वर्ष चांगल्या मार्कांनी पास झाली. तिच्या मैत्रिणींनी पुस्तक पाहिलं आणि त्यांनाही हवं झालं. तेव्हापासून आमच्या आईचा हाच उद्योग. कधी कोल्हापूर, कधी नाशिक, कुठून कुठून स्वस्तातल्या प्रती शोधते, पेन्सिलने खोडाखोड करते आणि नगरला पाठवते. चष्म्याचा नंबर वाढलाय, पण ऐकते कोण...

परवा सुवार्ताचा फोन आला. वॉर्डात पाथर्डीकडच्या एक आजी होत्या. नुकतीच शुगर निघालेली, आणि इन्सुलिनचं इंजेक्शन काही टोचू देईनात. "एकदा सुई लागली की माणूस सुटत न्हाई," असं म्हणत हात पदराखाली लपवून बसलेल्या.

सुवार्ता त्यांच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, "आजी, तुम्ही खाल्लेलं रक्तात फिरतंय, पण शरीराच्या घराला आतून कडी लागलीय. म्हणून तुम्हाला थकवा येतो. हे इंजेक्शन फक्त ती कडी काढतं."

आजींनी पदराखालचा हात पुढे केला. "असं हाय व्हय... मंग टोच. आदी कुनी सांगितलंच न्हाई." वॉर्डच्या सिस्टरनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्या मुलींना सुवार्ताजवळ उभं केलं... पेशंटशी कसं बोलायचं ते ऐकायला.

फोन स्पीकरवर होता. मी आईला म्हटलं, "कडीचं तुझ्या पुस्तकातलं दिसतंय."

आईने मान हलवली. "पुस्तकात नाही ते. मीही असं कधी सांगितलं नव्हतं. ते तिचं आहे."

आयुष्यभर वॉर्ड सांभाळलेल्या बाईने नातीला दिलेलं हे सर्टिफिकेट... मला दोघींचा फार अभिमान वाटला. आणि ज्या अनोळखी लोकांनी ती हिरवी पुस्तकं रद्दीत न घालता आमच्यासारख्यांना परवडतील अशी विकायला ठेवली, त्यांचे मनापासून आभार.