रविवारी सकाळी सात वाजता खिडकीत कोण होतं

माझ्या आईवर अन्याय झाला. १९९६ सालच्या मे महिन्यात, दुसऱ्या शनिवारी, सकाळी सव्वादहा वाजता, कृष्णाकाठच्या एका दगडी इमारतीच्या वरच्या मजल्यावर. वेळ नक्की आहे, कारण वडील पलटणीतून निवृत्त झालेले; काहीही घडलं की ते आधी घड्याळ बघतात. मारहाण झाली नाही. शिवी कुणी दिली नाही. पोलिसात नोंदवता येईल असं काही झालं नाही. चार दिवसांसाठी घेतलेला ब्लॉक आम्हाला एका रात्रीनंतर सोडावा लागला, एवढंच. त्या ‘एवढंच’साठी मी हे लिहिते आहे.

गावाचं नाव देत नाही. सांगलीकडच्या, नदीकाठच्या तीन-चार गावांना वाटेल की आपल्यालाच म्हटलंय. वाटू दे.

इमारत जुनी आहे. संस्थानाच्या काळात नदीवर पूल नव्हता, नावा चालायच्या, आणि या इमारतीत नावांची कचेरी होती. घाटाच्या पायऱ्या तिच्या कमानीखालूनच पाण्यात उतरतात. पूल झाला, नावा गेल्या, कचेरी एका घराण्याकडे आली. त्या घराण्यातल्या आताच्या मालकानं वरच्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि नदीकडची मोठी खिडकी एवढं वेगळं काढलं, गॅसची शेगडी बसवली, नव्या गाद्या भरून घेतल्या आणि पेपरात जाहिरात दिली: ऐतिहासिक वास्तूत, नदीकाठी, सुट्टीसाठी ब्लॉक. सभ्य कुटुंबास प्राधान्य. मी तेव्हा साताऱ्यात कॉलेजात होते, पत्रकं लिहायचे, शब्दांच्या आत काय भरलेलं असतं ते लोकांना समजावून सांगायचे. ‘सभ्य’ हा शब्द मी तीनदा वाचला आणि मला त्यात काहीही दिसलं नाही.

जाहिरात आईनं बघितली. तिनं ती कापून डब्यात ठेवली आणि चार दिवस कुणाला काही बोलली नाही. मग वडिलांना म्हणाली की तिथं राहायचं.

कारण सांगते. आईचं माहेर त्याच नदीच्या पलीकडच्या काठावर, बरोबर समोर. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धांची वस्ती. आई लहान होती तेव्हा वस्तीचा पाणवठा सगळ्यांच्या शेवटी, गावाची धुणी होऊन पाणी खाली आलं की तिथं. पाणी भरताना मान वर केली की समोर ही इमारत आणि तिची खिडकी. संध्याकाळी तिथं कंदील लागायचा. आत कोण राहतं, काय खातं, कुणाला ठाऊक नव्हतं. आईला एकच प्रश्न पडायचा: तिथून आपण कसे दिसत असू? सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती साताऱ्याला आली, प्रश्न तिच्याबरोबर आला. आता जाहिरात म्हणत होती की त्या खिडकीत कुणीही चार दिवस उभं राहू शकतं.

वडिलांनी आंतर्देशीय पत्र टाकलं. खाली सही केली आणि सहीपुढे हुद्दा लिहिला, सुभेदार, निवृत्त. मालकाचं उत्तर आठवड्यात आलं. त्याचे वडीलही पलटणीत होते, फौजी माणूस म्हणजे घरचाच, अवश्य यावे. आमच्या भागात हे असंच चालतं. एका घरातला माणूस फौजेत असला की दुसऱ्या फौजी घराचा त्याच्यावर विश्वास बसतो, आणि विश्वास बसला की जात विचारायची राहून जाते, कारण ती आपलीच असणार असं धरून चाललेलं असतं. वडिलांचं आडनाव गावावरून पडलेलं. त्या आडनावाची मराठ्यांची घरंही पुष्कळ आहेत.

त्याच आठवड्यात मामा एका लग्नासाठी साताऱ्याला आला होता. आईनं त्याच्याबरोबर मामीला निरोप धाडला की चार दिवस इकडं ब्लॉकवर ये. मामी ब्लॉकच्या गावातल्या लोकांच्या उसात भांगलायला जाते, तिला सगळे ओळखतात. तिचा उलटा निरोप आला, त्या घरात मी पाय ठेवायची न्हाई. मग बायकांचं असं ठरलं की रविवारी सकाळी सात वाजता मामीनं जुन्या पाणवठ्यावर उभं राहून मामाचा पांढरा पटका हलवायचा आणि आईनं खिडकीतून हात करायचा. मामीला फक्त बघायचं होतं की नणंद त्या खिडकीत उभी आहे. मला ते तेव्हा पोरकट वाटलं होतं.

शुक्रवारी दुपारी आम्ही पोचलो. मालक पन्नाशीचा, मऊ बोलणारा. त्यानं वडिलांच्या हातातली बॅग स्वतः घेतली. जिन्यात त्यानं गाव विचारलं, वडिलांनी सांगितलं. तो म्हणाला, त्या गावानं फौजेला लय माणसं दिली, म्हणजे तुम्ही आमचेच. वडील काही बोलले नाहीत. मालकाच्या घरून धपाटी आणि दही वर आलं.

मालक खाली गेल्यावर मी वडिलांना धरलं. म्हटलं, तुम्ही गप्प का बसलात. ते म्हणाले, त्यानं विचारलं कुठं. मी म्हटलं, सांगायला विचारावं लागतं का?

“गप गं,” वडील म्हणाले. “मोर्च्यावर आलोय का सुट्टीवर?”

आई धपाट्याचा तुकडा मोडत म्हणाली, “त्येंनी इचारलं न्हाई, ह्येंनी सांगितलं न्हाई. दही मातूर चांगलं लागलंय.”

मालकाची एक पद्धत होती. पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची वही तो पहिल्याच संध्याकाळी वर पाठवायचा, कारण जाताना सगळ्यांना एसटी गाठायची असते आणि कुणी लिहीत नाही. सकाळी झाडलोट करणारी बाई ती वही खाली नेऊन त्याला द्यायची. आईनं वही मांडीवर घेतली. ती प्रौढांच्या वर्गात लिहायला शिकलेली, एकेक अक्षर दाबून लिहिते. चार ओळींना तिला अर्धा तास लागला. जागा स्वच्छ आहे, नदी छान दिसते, दही फार गोड होतं, मालकांच्या मंडळींना नमस्कार सांगावा. त्याखाली तिनं जय भीम लिहिलं आणि सही केली. मी ते वाचलं. मला काहीही खटकलं नाही. आमच्या घरातून जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच असतं. ‘आपला नम्र’ लिहिताना कुणी थांबून विचार करत नाही, तसंच ते. मी वहीवर घड्याळ ठेवून ती कोनाड्यात सरकवली.

शनिवारी आई साडेपाचला उठून खिडकीत बसली. मे महिन्यात नदी आटलेली असते, पलीकडचा काठ जवळ आल्यासारखा वाटतो. सातच्या सुमारास वस्तीतल्या बायका धुणं घेऊन उतरल्या. आई कठड्यावर वाकून बघत होती. मी विचारलं, ओळखू येतंय का कुणी?

“लय बारकं दिसतंय गं,” ती म्हणाली. “आपली आई जरी हुबी ऱ्हायली असती तरी मला वळकू आली नसती.”

थोड्या वेळानं म्हणाली की आज डोळ्यांना सवय नाही, उद्या नीट दिसेल. उद्या पटका असेल, तो तर दिसेलच.

साडेआठला बाई झाडून गेली, वही घेऊन गेली. सव्वादहाला मालक वर आला. उंबऱ्याच्या बाहेर थांबला. कालपर्यंत तो वडिलांना सुभेदारसाहेब म्हणत होता. आज म्हणाला, “अहो, जरा अडचण झालीय.”

अडचण पाण्याची होती. टाकीचा पाईप फुटला, गवंडी बोलवावा लागणार, तीन-चार दिवस काम चालेल, तुमची गैरसोय नको. आगाऊ दिलेलं सगळं त्यानं पाकिटात घालून आणलं होतं. त्यात तो चोख होता, हेही लिहून ठेवते.

वडील म्हणाले, “पाणी आम्ही नदीवरनं आणू. आम्हाला सवय आहे.”

मालक वडिलांकडे न बघता म्हणाला की बाथरूमची फरशीही उचलावी लागेल. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. धार मोठी होती, भांड्यावर आवाज करत पडली. बाहेर तिघांनाही ती ऐकू आली.

मालक म्हणाला, “आत्ता आहे. नंतर जाईल.”

मी बोलायला तोंड उघडलं. कोणता कायदा, कोणतं कलम, सगळं मला पाठ होतं. आईनं माझ्या हातात चादरीचं एक टोक दिलं.

“पत्रक मागनं लिव,” ती म्हणाली. “आदी घडी घाल.”

आम्ही चादरींच्या घड्या घातल्या, गाद्या झटकल्या, भांडी घासून पालथी घातली. आईनं ओटाही पुसला. जिन्यात ती झाडणारी बाई उभी होती. ती हळूच म्हणाली की वही मीच खाली नेली, मला काय वाचता येतंय व्हय. आई तिला म्हणाली, वाचता येत असतं तरी नेलीच असतीस, तुझं काम हाय ते. हे आई रागानं म्हणाली नाही.

स्टँडवर प्रश्न आला तो मामीचा. पुलावरून पलीकडे जायला तासभर पुरे होता. मी म्हटलं, चला माहेरी, सांगू काय झालं ते. आई नाही म्हणाली. आत्ता गेलो तर का आलो ते सांगावं लागेल. मामा ऐकून घेणाऱ्यातला नाही, दहा माणसं घेऊन पुलावरून इकडे येईल, आणि मग सोमवारी वस्तीतल्या एकाही बाईला या गावच्या उसात काम मिळणार नाही. वस्तीत फोन नव्हता. आम्ही कऱ्हाडची गाडी पकडली. मलकापूर मागं पडल्यावर आई एवढंच म्हणाली की उद्या ती उगाच उन्हात उभी राहील.

मामी दिवाळीला आमच्याकडे आली. चहा घेता घेता तिनं आपणहून विषय काढला. म्हणाली, “आवं वन्सं, मी पटका हलवला आन् तुमी लगीच हात केला की. दोनी हातांनी केला. लय बरं वाटलं बगा.”

मी आईकडे बघितलं. आईनं मामीच्या बशीत आणखी एक करंजी ठेवली आणि म्हणाली, “व्हय. दिसलीस की मला.”

म्हणजे रविवारी सकाळी सात वाजता त्या खिडकीत कुणीतरी होतं. पाईप फुटलेला नव्हता, फरशी उचललेली नव्हती, ब्लॉक दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुटुंबाला दिलेला होता. त्या कुटुंबातल्या कुणीतरी बघितलं की पलीकडच्या काठावर एक बाई पांढरं कापड हलवते आहे, आणि सुट्टीवर आलेली माणसं करतात तसा हात केला. त्यांचा दोष नाही. त्यांना ठाऊक नव्हतं.

मी मामीला अजून सांगितलेलं नाही. आई सांगू देत नाही. मामी ती गोष्ट वस्तीत सगळ्यांना सांगते, आणि पोरी पाणवठ्यावर गेल्या की त्यांना खिडकी दाखवते, तिथं माझी नणंद हुबी होती म्हणून.

तीन वर्षं झाली. जाहिरात दर एप्रिलमध्ये येते, शब्द तेच आहेत. माफीचं मी विचारलं तेव्हा आईनं नको म्हणून मान हलवली. तिला फक्त रविवारची ती सकाळ हवी आहे, तिच्या स्वतःच्या नावानं, आधी सगळं सांगून.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी त्या खिडकीत राहून आला आहे. कुणीतरी यंदा जाणार आहे. तुम्हाला खोली मिळते, कारण मालकाला तुम्हाला काही विचारावं लागत नाही. तेव्हा तुम्ही विचारा. पैसे भरायच्या आधी मालकाला एक पोस्टकार्ड टाका आणि लिहा: पलीकडच्या वस्तीतली माहेरवाशीण आली तर तिला हा ब्लॉक द्याल का? हो किंवा नाही, लेखी कळवा. आलेलं उत्तर या पत्रकावरच्या पत्त्यावर आमच्याकडे पाठवा. उत्तर आलं नाही, तर तिथं जाऊ नका.