दंड : चौदा इंच

"ढगळ ठेवा ताई, अंगाबरोबर नको."

माप द्यायला उभी राहिली की तिचं पहिलं वाक्य हे. बोलता बोलता दोन्ही हात छातीवर बांधून घ्यायची, आणि मला दर वेळी सांगावं लागायचं, "अगं, हात खाली सोड." तुमच्यापैकी कोणी शिवणकाम केलं असेल तर तुम्हीही पाहिलं असेल, टेप पुढे आली की बाई आधी तिला नको असलेलं झाकते. कोणी पोट आत ओढते, कोणी मान आखडते. ही दंड झाकायची.

ऐंशी सालानंतरची चार-पाच वर्षं ती माझ्याकडून कपडे शिवून घ्यायची. द्वारका चौकाच्या मागे आमची कॉलनी, पुढच्या खोलीत माझं पायमशीन. ती सायखेड्याकडची, शेतकऱ्याची लेक. शाळेत गोळाफेकीत बक्षिसं मिळवली होती, त्या जोरावर एका सरकारी कचेरीत हंगामी कारकून म्हणून चिकटली होती. मागच्या गल्लीत खोली घेऊन एकटी राहायची. बाई एकटी राहते, सकाळी पळायला जाते आणि संध्याकाळी व्यायामशाळेत लोखंड उचलते, एवढं आमच्या कॉलनीला संशय घ्यायला पुष्कळ होतं.

मला मात्र सुरुवातीला तिचं कौतुकच वाटायचं. एकदा मशीन खिडकीपाशी हलवायचं होतं. माझे यजमान आणि शेजारचे एक गृहस्थ कुठून धरावं याची चर्चा करत उभे होते. ही आत आली, चपला काढल्या, "सरका जरा" म्हणाली आणि लोखंडी पायांसकट मशीन उचलून खिडकीखाली ठेवून दिलं. "उजेड इथं चांगलाय, ताई." शेजारचे गृहस्थ त्यानंतर महिनाभर आमच्याकडे फिरकले नाहीत.

मापांच्या वहीत तिचं एक पान होतं. पहिल्या वर्षी दंड अकरा इंच. पुढच्या दिवाळीला साडेबारा. त्यानंतरच्या संक्रांतीला चौदा. खांदाही दोन इंचांनी वाढला. आणि छाती उतरली. जुन्या मापाने ब्लाउजला छातीशी घातलेले टक्स रिकामे पडायला लागले. बाळंतपणात छाती भरते, आजारपणात उतरते, हे मी रोज बघते. पण दंड वाढतोय आणि छाती उतरतेय, असं अंग मी तोवर कधी मापलं नव्हतं.

"काय खातेस गं तू?"

"दूध, अंडी, भिजवलेले हरभरे." हे ती पाढ्यासारखं म्हणायची.

"आणि?"

"आणि टॉनिक."

"कसलं टॉनिक?"

"ताई, बाही कोपरापर्यंत घ्या."

मग आवाज बदलला. दारातून तिनं "ताई" अशी हाक मारली आणि आतून यजमान म्हणाले, "बघ गं, कोणी माणूस आलाय." ती दारातच हसली. बरंच हसली. पण त्या दिवसापासून तिनं हाक मारणं सोडलं. येऊन नुसती कडी वाजवायची. घसा बसलाय, थंडी बाधलीय, असं तिनं मला त्या हिवाळ्यात तीनदा सांगितलं आणि उन्हाळ्यात दोनदा.

माझ्या मनात खरा संशय आला तो वेगळ्याच गोष्टीवरून. त्या काळी कॉलनीतल्या बायका माझ्याकडून सुती चिंध्या न्यायच्या. कशाला ते कोणी बोलायचं नाही. मी कागदात गुंडाळून द्यायची, त्या पदराखाली घ्यायच्या. हीसुद्धा दर महिन्याला न्यायची. एकदा खोक्यात चिंध्या फार साचल्या म्हणून हिशेब करायला बसले, तर पाच महिन्यांत हिनं एकही पुडी नेली नव्हती.

मग व्हायचं तेच झालं. मी तिच्या पोटाकडे बघायला लागले. व्यायामशाळेत तिला शिकवणारे एक सर होते, पन्नाशीचे, मिशीवाले, गळ्यात शिट्टी. त्यांच्या स्कूटरवरून ती दोनदा कॉलनीत उतरली होती. मी दोन आणि दोन चार केले. कंबरेचं माप मुद्दाम दोनदा घेतलं. कंबर होती तेवढीच, पाव इंच कमीच.

शेवटी विचारलं, "तुझं काही चुकलंय का?"

तिला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा चेहरा लाल झाला. "ताई, तुम्हीपण?" एवढंच म्हणाली आणि कापड न घेता निघून गेली.

आठ दिवसांनी परत आली ती हातात गडद निळं सॅटिन घेऊन. पुण्याला बायकांची शरीरसौष्ठव स्पर्धा होती. असलं काही असतं हे मी तोवर ऐकलंही नव्हतं. तिला दोन तुकड्यांचा पोशाख हवा होता, आणि दुसऱ्या कोणाकडे जायची तिची हिंमत नव्हती. घरी तिनं गोळाफेकीला जाते असं कळवलं होतं. "सर म्हणालेत, पदक आलं की नोकरी पक्की. साहेबांशी बोलणं झालंय त्यांचं."

दार लावून, पडदा ओढून मी तिचं माप घेतलं. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं हात आपण होऊन सोडले. "बघा हं ताई," म्हणाली आणि दोन्ही मुठी वर करून वळली. मी खरं सांगते, मी माप घ्यायचं विसरले. पाठीवर एकेक स्नायू वेगळा दिसत होता. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता. असं अंग स्वतः घडवल्यावर ते जन्मभर ढगळ कपड्यांत कोंबायचं म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं.

टेप कंबरेखाली नेली तेव्हा बोटाला गाठ लागली. लिंबाएवढी, टणक. दुसऱ्या बाजूलाही तशीच, वर सुईच्या खुणा.

"हे काय?"

"टॉनिकचं इंजेक्शन."

"कोण देतं?"

"सर."

"सर डॉक्टर आहेत?"

तिनं आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "ताई, सगळे घेतात. कोणी बोलत नाही. तुम्हीपण बोलू नका."

मी पोशाख शिवला. उत्तम शिवला. तिला तिसरा नंबर मिळाला, पण पदक तिनं कोणाला दाखवलं नाही. पदक घेतानाचा तिचा फोटो त्याच पोशाखातला होता, आणि पदक दाखवलं की फोटोही दाखवावा लागला असता.

पुढच्याच महिन्यात सायखेड्याहून तिची आई माझ्याकडे आली. चहाला आधी नको म्हणाली. आमच्या जातीच्या घरी नको का म्हणतात ते मला ठाऊक होतं. मग काय वाटलं कोण जाणे, कप ओढून घेतला आणि प्यायली.

"बाई, तुमी पोरीचं माप घेता. तिचा आवाज असा कामून झाला? हनुवटीला ब्लेड लागल्यावानी दिसतंय. सोयरीक आलीय चांगली. पोरगी काय बोलत नाय. तुमाला ठावं असंल."

"व्यायामानं होतं कधी कधी," मी म्हटलं. "बाकी काही नाही."

"लय मोठा घोर गेला बघा," ती म्हणाली आणि माझ्या हातावर हात ठेवून गेली. तो हात मला दिवसभर जाणवत होता.

सोयरीक जमली नाही. पावसाळ्याच्या अखेरीस ती कचेरीत चक्कर येऊन पडली. घरमालकिणीनं मला बोलावलं, आम्ही दोघींनी तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण पक्क्या.

"काय औषधं घेतेस?"

"काही नाही."

"गोळ्या? गावठी काही?"

"नाही हो."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या हनुवटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही कोण?"

"मी हिचे कपडे शिवते."

चादरीखालून तिनं माझं मनगट पकडलं. एवढ्या आजारातही पकड अशी होती की बांगड्या मांसात रुतल्या. मी तिच्याकडे पाहिलं नाही. "इंजेक्शनं घेते," मी म्हटलं. "व्यायामाचे सर देतात. गोळ्याही असतील. गेल्या हिवाळ्यात आवाज बदलला. पाळी आठ-नऊ महिने नाही."

तिनं माझा हात सोडला. "पुरुषी हार्मोन्स. त्यानंच यकृत सुजलंय," म्हणत डॉक्टरीणबाई सगळं लिहून घेत होत्या. त्या गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आता तो कागद कचेरीत जाईल, ताई."

कागद गेला की नाही मला माहीत नाही. तिच्या हंगामी नोकरीची मुदत मात्र पुढे वाढली नाही. आजारपणाच्या रजेमुळे, कागदामुळे की सरांनी साहेबांशी कधी बोलणं केलंच नव्हतं म्हणून, हेही कोणी सांगितलं नाही. सर एकदा माझ्या दारात येऊन गेले. "पोरगी बाहेरचं तेलकट खायची," म्हणाले. "बाई, तुम्ही आपलं शिवणकाम करा." व्यायामशाळा पुढेही चालू राहिली.

ती बरी झाली, खोली सोडून गेली. मला न भेटता गेली. वहीतलं तिचं पान मी फाडलं नाही. मी बोलले ते तिच्या जिवासाठी की आईशी खोटं बोलल्याची टोचणी जावी म्हणून, याचा मला अजून संशय आहे.

दोन-तीन वर्षांनी शिवणवर्गाची परीक्षा घ्यायला मी हरसूलला गेले होते. बाजाराचा दिवस होता. भाजीच्या पालापाशी ती उभी, भोवती आठ-दहा मुली. दोघींनी एकमेकींना एकदमच पाहिलं. वळून जाणं दोघींनाही जमलं असतं.

"बऱ्या आहात?" तीच म्हणाली. आवाज अजून तसाच होता.

"बरी आहे. तू इथे?"

"आश्रमशाळेत. पोरींना गोळाफेक शिकवते."

मी मुलींकडे पाहिलं. काटक, उन्हानं रापलेल्या पोरी. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यांना काय देतेस?"

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"भाकरी," म्हणाली. "नागलीची. दोन्ही वेळा मिळते का ते बघते."

मग तिनं मुलींना हाक मारली, कांद्याचं पोतं स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि त्या सगळ्या शाळेच्या चढाला लागल्या. मी पाठीमागून बघत होते. खांदे अजून रुंदच होते. औषधाचे की ओझ्याचे, लांबून सांगता येईना. निम्म्या चढावर सगळ्यांत धाकटी मुलगी मागे पडली. ती पोत्यासकट थांबली, त्या मुलीच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला पुढे घालून चालू लागली.