आक्कासाठी लावलेली पायरी

आमच्या जुन्या जीपचं क्लच पेडल अडकायला लागलं ते अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर. दाबलं की खाली जायचं आणि तिथंच पडून राहायचं. मग चपलेचं टोक खाली घालून त्याला वर उचलायचं, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकायची. शेतात जायला तेवढं चाललं असतं, पण मला विसरवाडीच्या पलीकडे जायचं होतं, आक्काला आणायला.

आक्का म्हणजे माझी मोठी बहीण. अखाजीला आमच्याकडे लेकीबाळी माहेरी येतात, निंबाला झोका बांधतात, आणि त्यांना आणायला माहेरचा माणूस जातो. त्याला मुराळी म्हणतात. वडील होते तोवर ते बैलगाडी जुंपून जायचे. ते गेले आणि मी मुराळी झालो. जीप घेतली तेव्हापासून जीपनंच गेलो. आक्काच्या गल्लीत हॉर्न वाजवला की आजूबाजूच्या बाया दारात यायच्या, "उना तिन्हा भाऊ!" आणि आक्का सगळ्यांच्या देखत पुढच्या सीटवर चढून बसायची. एकही वर्ष चुकवलं नाही मी.

तळोद्याच्या मिस्तरीला गाडी दाखवली. त्यानं नुसतं पेडल दाबून बघितलं, खाली वाकलासुद्धा नाही.

"आबा, प्लेट गयी. गिअरबॉक्स उतारना पडी. अखाजी हुई जावू दे, मंग दखू."

"मी प्लेट गेल्याशिवाय प्लेट गेली म्हणत नाही," मी म्हणालो आणि तसाच चपलेनं पेडल उचलत घरी आलो.

शाळा मी दुसरीत सोडली, पण ही जीप मी इतकी वर्षं हातानं वाचत आलो आहे. गोणपाट अंथरलं आणि खाली शिरलो. आधी पेडलजवळचं रबरी पायपुसणं काढून फेकलं, कधीकधी तेच दुमडून अडकतं. तसं नव्हतं. मग पेडल वर ओढणारी स्प्रिंग बघितली. ताणून मेल्यासारखी झाली होती. ट्रॅक्टरच्या दुकानातून नवी आणून लावली. पेडल अर्ध्यापर्यंत आलं आणि पुन्हा बसलं.

मग मी मिस्तरीनं करायला हवं होतं ते केलं. आमच्या जीपचं पेडल उजवीकडे आणि क्लच ओढणारा काटा डावीकडे. दोघांना जोडणारा एक आडवा दांडा गाडीच्या पोटाखालून जातो. त्या दांड्यापासून मी क्लचचा काटा सोडवला. काटा हातानं ओढला तर लगेच मागे गेला, ठणठणीत. आणि पेडलला आता नुसता दांडा जोडलेला होता, तरी ते अडकतच होतं. म्हणजे प्लेटचा काही गुन्हा नव्हता. दुखणं त्या आडव्या दांड्यात होतं.

दांड्याचं उजवं टोक स्वच्छ होतं, ग्रीस भरलेलं. डाव्या टोकाचं ग्रीसचं भोक मात्र सापडेना. बोटानं चाचपडत गेलो तर हाताला लागली पायरी.

ती पायरी मीच लावली होती. आक्काचे गुडघे गेले तेव्हा तिला जीपवर चढता येईना, म्हणून लोखंडी पट्टी वाकवून डाव्या बाजूला चेसिसला वेल्डिंग करून घेतली. नेमकी त्या भोकावर. तेव्हापासून त्या टोकाला ग्रीसचा थेंब गेला नव्हता.

रॉकेल ओतलं, वाट बघितली, हातोडीनं ठोकलं. दांडा हलेना. तो बाहेरच्या बाजूनंच निघतो आणि बाहेर पायरी आडवी. मी आरीपत्ती काढली.

मुलगा नंदुरबारहून सुट्टीला आला होता. नोकरीवाला आहे, नवी गाडी घेतली आहे, दाराजवळच उभी होती. तो माझ्या पायांशी येऊन उकिडवा बसला.

"आबा, पायरी कापू नका. आत्या कशी चढी?"

"पुन्हा लावता येते."

"मन्ही गाडी लई जा ना. मी येस संगे. एसी शे, आत्याले बरं पडी."

"तुन्ही गाडी खेळनं शे," मी खालूनच म्हणालो. "मुराळी खेळण्यात बसून जात नाही."

त्याचे बूट थोडा वेळ दिसत राहिले, मग गेले.

पायरी कापली. दांडा निघाला. आतलं जुनं ग्रीस कढईच्या बुडाला लागलेल्या गुळासारखं काळं, कडक झालं होतं. खरवडलं, रॉकेलनं धुतलं, पॉलिश पेपर मारला, नवं ग्रीस भरून दांडा बसवला. हातानं पेडल दाबून सोडलं तर ते तळहातावर असं आपटलं की मी एकटाच हसलो.

पायरी घेऊन वेल्डिंगवाल्याकडे गेलो. तो मारुतीच्या पारावर पत्ते खेळत होता. अखाजीत आमच्याकडे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला सालदारसुद्धा कामाला हात लावत नाही, त्याचं साल संपलेलं असतं, तर वेल्डिंगवाला कशाला लावेल?

"पाच मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो.

"आबा, लाइट नही शे आनि पानं चांगला शेत. असं रोज नही व्हस."

सगळे हसले. मी पायरी घरी आणून ओट्याखाली टाकली आणि तिच्याऐवजी स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल जीपमध्ये ठेवलं. मुलगा दारात उभा होता. म्हणाला, "काही लागनं तं फोन करा, मी लगेच येस." हॉर्न वाजवून निघालो.

तापीच्या पुलावर गिअर असा पडत होता की वाटावं, गाडी नवी आहे.

आक्का ओट्यावर बसून होती. सकाळपासून, असं भाचा म्हणाला. हिरवं लुगडं, शेजारी पिशवी, सांजोऱ्यांचा डबा. हॉर्न ऐकून बाया दारात आल्या. आक्का उठली, भिंतीला धरत जीपपाशी आली, दांडी पकडली आणि सवयीनं पाय उचलला. तिचा पाय हवेत पायरी शोधत राहिला. इकडे शोधला, तिकडे शोधला. मग ती वाकून बघायला लागली.

"पायरी कोठे गयी रे?"

"काढी टाकी."

"काबर?"

मी तिला पेडलचं सांगायला लागलो. दांडा, भोक, ग्रीस. ती ऐकत होती, पण बघत होती त्या कापलेल्या जागेकडे. मी स्टूल ठेवलं. गल्ली उताराची, स्टूल एका पायावर डुगडुगलं. तिनं पाय ठेवला, गुडघ्यानं साथ सोडली आणि ती तिथंच स्टुलावर बसली.

भाचा पुढे आला. "माय, मी उचली लेस तुले."

"मी काय कपाशीनं गाठोडं शे?" आक्का म्हणाली. सगळे हसले, ती पण हसली. पण उठली नाही.

मग भाचा माझ्याकडे वळला. "मामा, भाऊले फोन लावा ना. त्यानी नवी गाडी ठेंगणी शे, माय सहज बठी जाई."

फोन माझ्या खिशात होता. मी खिशावर हात ठेवला. मुलानं फोन लगेच उचलला असता, एक शब्द न बोलता आला असता. त्याचं ते न बोलणंच माझ्या डोळ्यांसमोर आलं.

"नेटवर्क नही शे," मी म्हणालो.

तेवढ्यात शेजारच्या दारात कुणाचा तरी फोन वाजला आणि कुणीतरी मोठ्यानं बोलायला लागलं. आक्कानं माझ्याकडे बघितलं. मी जीपच्या चाकाकडे बघत होतो.

"ऱ्हावू दे," ती म्हणाली. "आज गुडघा भलता दुखी ऱ्हायना. मलेच नही येवाय. पुढला साल पायरी लाव, मंग ये."

तिनं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. सांजोऱ्यांचा डबा तिच्या सीटवर ठेवला आणि भिंतीला धरत आत गेली. पिशवी भाच्यानं उचलली.

परत येताना क्लच लोण्यासारखं चाललं. वळणावर मी डबा पडू नये म्हणून हातानं धरत होतो. घरी झोक्यापाशी बायांनी विचारलं तर सांगितलं, तिचा गुडघा दुखतोय. मुलगा जीपजवळ आला, डबा उचलला आणि आत घेऊन गेला. "आत्या कुठे?" असंसुद्धा त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी भांडलो तरी असतो.

अखाजी संपली, वेल्डिंगवाला पत्त्यांवरून उठला. मी पायरी लावून घेतली. पहिल्यापेक्षा रुंद, आणि मध्ये ग्रीससाठी भोक पाडलेली. दुसऱ्याच दिवशी विसरवाडीची वाट धरली. लेकी आपापल्या घरी गेल्या होत्या, झोका सोडला होता, हे मला ठाऊक होतं. तरी गेलो.

आक्का बाहेर आली. दांडी धरली, पायरीवर एक पाय ठेवला, मग दुसरा. थोडा वेळ तशीच उभी राहून तिनं गल्ली वरून बघितली. सीटवर बसली नाही. मग हळूच खाली उतरली.

"मजबूत शे," ती म्हणाली.

"चाल ना. दोन दिवस ऱ्हाय."

"आते काय करू येईसनी? कोणी नही तठे." मग पदर सारखा करत म्हणाली, "मी तुन्ही वाट दखत व्हती भाऊ, गाडीनी नही."

मी खाली वाकलो आणि पायरीतलं ग्रीसचं भोक बघायला लागलो. आदल्या दिवशीच भरलं होतं. तरी बघत राहिलो.