तात्यांची राहिलेली शंका

घोडेगावचे तात्या गेल्याचं मला कुणी फोन करून सांगितलं नाही. ते मला शब्दकोशाच्या पानावर कळलं. आम्ही काही हौशी माणसं मिळून इंटरनेटवर मराठीचा एक कोश चालवतो. कुणीही यावं, शब्द घालावा, अर्थ सुचवावा, आमची चूक दाखवावी. त्यासाठी ‘शंका आणि सूचना’ असं एक पान आहे आणि तिथे येणाऱ्यांना उत्तरं देण्याचं काम माझ्याकडे आहे. शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून झाल्यावर भिंगारच्या घरात बसून दुसरं करायचं तरी काय, म्हणून घेतलेलं. त्या सकाळी चहा घेऊन बसले, पान उघडलं, तर तात्यांच्या खात्यावरून चार ओळी आल्या होत्या... ‘बाई, तात्या सोमवारी गेले. दम लागला म्हनून दवाखान्यात नेलं, पन परत आले न्हाईत. भाकड शब्दावरची त्यांची सूचना तुमच्याकडं पडून हाय. ती आता काढून टाकली तरी चालंल.’ खाली नाव नव्हतं.

ज्या माणसाला आयुष्यात दोनदाच भेटले त्याच्यासाठी इतकं रडू यावं याचं मलाच नवल वाटलं. आणि रडता रडता लाजही वाटत होती, कारण ती सूचना मीच चार महिने अडवून धरली होती. ‘विचाराधीन’ असा शेरा मारून ठेवला की विचार करावा लागत नाही, हे सरकारी कचेरीत न जाताही मला चांगलं जमतं.

तात्या पाच वर्षांपूर्वी पहिल्यांदा पानावर आले ते स्वतःच्या हुद्द्याची तक्रार घेऊन. ते जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला होते. जखमा धुणं, मलमपट्टी करणं, डॉक्टर सुई टोचत असताना बैलाचं मुंडकं धरून ठेवणं हे त्यांचं काम. गाव त्यांना ड्रेसर म्हणायचं. कागदावर मात्र हुद्दा होता ‘व्रणोपचारक’. त्यांनी लिहिलं होतं, ‘बाई, अख्खी नोकरी मी व्रणोपचारक हुतो, आन तुमच्या कोशात मीच न्हाई. आमच्या सायबाला बी हा शब्द नीट म्हनता येत नव्हता. घाला तेवढा.’ मी शब्द घातला आणि उत्तरात त्यांचं शुद्धलेखनही सुधारून पाठवलं. ‘हुतो’चं होतो, ‘म्हनता’चं म्हणता, ‘आन’चं आणि. हात शिवशिवतातच माझे. तासाभरात त्यांचं उत्तर आलं, ‘बाई, शंका इचारली हुती, पेपर न्हवता दिला. आमी बोलतो ते तुमी पुसनार, तर मंग कोशात शब्द कुनाचे येनार?’ मी एकटीच मोठ्यानं हसले. त्यानंतर त्यांच्या एकाही अक्षराला हात लावला नाही.

मग ते रोज येऊ लागले. सकाळी सात ते आठच्या दरम्यान त्यांची शंका यायची आणि माझा चहा तिच्यासाठी खोळंबायचा. ‘पहिल्या वेताच्या गाईला पहिलारू म्हनत्यात, तर मंग दुसारू का न्हाई?’ ही एक. ‘गाय बसली म्हंजी रवंथ करत बसली का कायमची बसली, हे आमाला दवाखान्यात सांगायला आलेल्या मानसाचं तोंड बघून कळतं. तुमच्या कोशात तोंड कुठनं आननार?’ ही दुसरी. एकदा त्यांनी ‘पान्हा चोरणे’ पकडला. आम्ही लिहिलं होतं, गाईने दूध सोडण्याचे नाकारणे. त्यांनी खाली लिहिलं, ‘गाय चोरत न्हाई. वासरासाठी राखती. चोर आपन हाय.’ त्या दिवशी मी कोशात ‘वासरासाठी राखून ठेवणे’ एवढं वाढवलं, आणि दिवसभर उगाचच आनंदात होते. मुलं पुण्याला, घरात बोलायला कुणी नाही... माझ्या दिवसाला तात्यांनी एक दार करून दिलं होतं, हे तेव्हा कळलं नाही.

एकदा त्यांनी फर्मानच काढलं, ‘बाई, घरात बसून जनावराचे शब्द कळायचे न्हाईत. बाजाराला या.’ मी एसटीनं गेले. फाट्यावर उंच, वाळका, पांढऱ्या टोपीतला माणूस उभा होता आणि आधी माझ्या चपलांकडे बघत होता. ‘ह्या घालून बाजारात येताय व्हय?’ हे त्यांचं पहिलं वाक्य. दावणींमधून मला फिरवताना त्यांनी जनावरांचे ओठ वर करून दात दाखवले, किती पक्के दात आले त्यावरून वय कसं ओळखायचं, एकही नसेल तर अदात, दोन असतील तर दुसा, चार असतील तर चौसा. मी वहीत उतरवत होते आणि माझ्याभोवती दहा-बारा जण जमून बाईमाणूस काय लिहितंय ते बघत होते. एका टोकाला एक गाय शांत उभी होती. शेजारचा एकजण म्हणाला, ‘तिचं काय लिवताय, भाकड हाय ती.’ तात्या थांबले. तिच्या पाठीवरून हात फिरवत मला म्हणाले, ‘लिवा बाई. पोटात वासरू हाय हिच्या. दूध आटवलंय, म्हनून भाकड. दूध देती तव्हर ती आपली असती. हे दोन-तीन म्हैने तिचे सोताचे.’ मी ते लिहून घेतलं. घरी येऊन वही ठेवून दिली.

पुढच्याच आठवड्यात त्यांची सूचना आली. आमच्या कोशात भाकडचा पहिला अर्थ ‘दूध न देणारी, निरुपयोगी (गाय, म्हैस)’ असा होता, दुसरा ‘मूल न होणारी स्त्री’. तात्यांचं म्हणणं, निरुपयोगी काढा आणि दुसरा अर्थ तर साफच काढा. ‘वांझ येगळी, भाकड येगळी. भाकड म्हंजी मधला काळ.’ मी नेहमीप्रमाणे छापील आधार मागितला. दोन दिवसांनी त्यांनी एका जुन्या, पिवळ्या पडलेल्या सरकारी पत्रकाचा फोटो पाठवला. भाकडकाळात गाईची निगा कशी राखावी, असं त्यात होतं. माणसानं आणखी काय द्यावं? पण माझ्यातली मास्तरीण जागी झाली होती. मी लिहिलं की पहिला अर्थ विचारात घेऊ, दुसरा मात्र राहील, कारण लोक तसा वापरतात आणि लोक वापरतात तो अर्थ कोशाला द्यावाच लागतो. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण अर्थ सिद्ध करायचा तर उदाहरण हवं, म्हणून मी स्वतःच्या मनानं एक वाक्य रचून त्या अर्थाखाली घातलं. ‘सून भाकड निघाली म्हणून सासूने तिला कायमचे माहेरी धाडले.’ वाक्य छान उतरलं असंही मला वाटलं होतं.

तात्यांचं उत्तर आलं, ‘बरं.’

एवढंच. नंतर तीन आठवडे त्यांची शंकाच आली नाही. मी रोज पान उघडून बघायचे. मग एका सकाळी ते वेसणीबद्दल काहीतरी विचारत परत आले, मागचं काही झालंच नसल्यासारखे, आणि मी सुटकेचा श्वास टाकला. भाकडचं नाव ना त्यांनी काढलं, ना मी.

दुसऱ्यांदा ते माझ्याकडे आले, भिंगारला. डोळे तपासायला नगरला आले होते. पोहे खाल्ले, माझं पुस्तकांचं कपाट बघितलं, ‘एवढी पुस्तकं, आन तरी आमाला इचारायला लागतंय’ म्हणून मला चिडवलं. निघताना दारात चपला घालता घालता म्हणाले, ‘बाई, तो शब्द...’ मी विचारलं कुठला. ते उंबऱ्याकडे बघत म्हणाले, ‘ऱ्हाऊ द्या. लिवतो.’ आठ दिवसांनी पानावर एकच ओळ आली, ‘भाकड परत एकदा बघा.’ तीच ही सूचना, जिच्यावर मी ‘विचाराधीन’ लिहून चार महिने काढले. त्या दिवशी दारात मी त्यांना आत बोलावून बसवायला हवं होतं. अजूनही वाटतं, हाताला धरून बसवलं असतं तर बोलले असते.

तेराव्यानंतर मी घोडेगावला गेले. दोन खोल्यांचं घर, दाराशी शिलाई मशीन. तात्यांची मुलगी शोभा घरात एकटीच होती. वय चाळिशीच्या पुढे, वडिलांसारखीच उंच. त्यांना लेक आहे हे मला ठाऊक होतं, पण ती त्यांच्याजवळच राहते हे तात्या कधी बोलले नव्हते. चहा झाला. मी म्हटलं, ‘त्या चार ओळी तुम्ही लिहिल्यात का?’

‘सगळ्याच मी लिवायचे, बाई,’ ती म्हणाली. ‘तात्यांना मोबाईलवर कुठं लिवता येत हुतं? सकाळी खाटेवर बसून ते सांगायचे आन मी लिवायचे. मी बोललो तसंच लिव म्हनायचे. तुमी काय लिवलं ते मी वाचून दावायचे. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हनून मोठ्यानं वाचायला लागायचं. शेजारनी म्हनायच्या, सकाळी सकाळी भांडताय का काय बाप-लेक!’

मी हसले. मग हसू तोंडावरच राहिलं. म्हणजे माझी सगळी उत्तरं हिनं वाचली होती. ते वाक्यसुद्धा. मी तिच्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, मंगळसूत्र नसलेल्या तिच्या गळ्याकडे नजर गेली. तिला कळलं.

‘व्हय,’ ती म्हणाली. ‘अठरा वर्सं झाली मला हितं येऊन. सासू हाच शब्द म्हनली हुती.’

मी कशीबशी म्हणाले, ‘आणि ते वाक्य तुम्ही त्यांना मोठ्यानं...’

‘वाचलं ना. दोनदा वाचलं. त्यांना पैल्यांदा नीट ऐकू गेलं न्हाई.’ ती पदराच्या टोकाशी खेळत होती. ‘मी म्हनलं, तात्या, बाईंना सांगू का आपलं? तर म्हनले, न्हाई. बाईंनी शब्दासाठी ऐकावं, आपली कीव करून नगं. मंग म्हनले, लिव, बरं.’

मला तिथेच रडू कोसळलं. एवढी वर्षं मुलांना शब्द जपून वापरा म्हणून सांगितलं मी! तिनंच उठून मला पाणी दिलं. मी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि म्हटलं, ‘शोभाताई, आत्ता, तुमच्यासमोर तो दुसरा अर्थ काढून टाकते. तात्या म्हणाले होते तसा.’

तिनं मान हलवली. ‘नगं. ऱ्हाऊ द्या. काढला तर उद्या कुनी बी म्हनंल, असं कुनी म्हनतच न्हवतं. फकस्त ते शिवी म्हनून म्हनत्यात, आन चुकीचं म्हनत्यात, असं लिवा. आन ते वाक्य तेवढं काढा. ते कोशाचं न्हाई, माझं हाय.’

भाषेची पदवी माझ्याकडे होती, पण कोश कसा करायचा ते मला दहावी शिकलेल्या शोभानं सांगितलं. तात्यांशी मी यावर किती वाद घातला असता आणि ते हे ऐकून किती खूश झाले असते, असं वाटून पुन्हा डोळे भरले. आम्ही दोघींनी मिळून लिहिलं. भाकड, पहिला अर्थ, दोन वेतांच्या मधल्या काळात दूध आटलेली, पुन्हा विणारी गाय किंवा म्हैस. दुसरा अर्थ, मूल नसलेल्या स्त्रीला हिणवण्यासाठी लोक चुकीने वापरतात. माझं वाक्य पुसलं. तात्यांच्या सूचनेवरचा ‘विचाराधीन’ शेरा काढला आणि ‘स्वीकृत’ वर बोट ठेवलं.

सूचना स्वीकारली की सुचवणाऱ्याला आपोआप निरोप जातो. मशीनवर ठेवलेला मोबाईल वाजला. शोभानं तो उचलला, भिंतीकडच्या रिकाम्या खाटेकडे तोंड केलं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, ‘तुमची सूचना स्वीकारली आहे. आभार.’ आणि मग अंगठा मोबाईलवर तसाच धरून थांबली... पुढं काय लिवायचं ते तात्या सांगतील म्हणून.