आत्यानं वाण म्हणून लुटलेली गोष्ट

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आष्टीतल्या बायका स्टीलच्या वाट्या नाहीतर प्लॅस्टिकचे डबे वाण म्हणून लुटायच्या. माझी आत्या विज्ञानकथा लुटायची! स्वतः लिहिलेली, चाळीस झेरॉक्स प्रती, वर तिळगूळ. वांग्या-मेथीच्या वावरात राबायची आणि बाजाराच्या दिवशी जुड्या विकता विकता वहीत लिहायची. म्हणायची, "वाटी काय, घरोघरी हाये."

प्रती काढून आणणं माझं काम. एकदा मी शहाणपणा केला. फोनकडून मिनिटभरात एक गोष्ट लिहून घेतली आणि तिला वाचून दाखवली. तिनं शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली, "बरी हाये. पन याले आधी एक दिवस वावरात तन निंदाले धाड, मंग लिहू दे." माझं तोंड एवढंसं झालं.

तिची लाडकी गोष्ट फवारणीच्या ड्रोनची. तो विष फवारत येतो, शेजारच्या वावरात निंदणाऱ्या बायका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खुरपी उंचावून उभ्या राहतात आणि त्याला थांबावं लागतं. दोन वर्षं खपून लिहिली. आणि ऐन संक्रांतीच्या आठवड्यात गावात खराखुरा ड्रोन उडाला! बायका हसून बेजार. "बाई, हे तं आलं!" एका मासिकाच्या संपादकांनीही कथा परत पाठवली. ही आता विज्ञानकथा राहिली नाही म्हणे. आत्यानं उलट टपाली कार्ड टाकलं, "मग बातमी म्हणून छापा."

खरं सांगते, मला तिची कीव आली. म्हटलं, "आत्या, यंदा वाट्याच लूट ना." ती भडकलीच.

"काऊन? यंत्र आलं, पन बाईले विचारून उडनारं आलं काय? जे आलं नाई, तेच लिहलं हाये मी!"

चाळीसच्या चाळीस प्रती तिनं लुटल्या. कोणी वाचल्या, कोणी नाही, तिनं कधी विचारलं नाही.

आत्या गेली, त्याला वर्ष झालं. परवा तिच्या वावरात सहा बायकांचं निंदण चालू होतं. शेजारच्या कपाशीच्या पऱ्हाटीवर ड्रोन आला आणि वारा नेमका आमच्याकडे. सहाही बायका उठल्या, धुऱ्यावर ओळीनं उभ्या राहिल्या आणि खुरपी वर केली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आत्याचं खुरपं घेऊन मी सातवी उभी राहिले.

ड्रोनवाल्यानं यंत्र खाली उतरवलं आणि तणतणत आला. "काय करून राह्यल्या तुम्ही? हे कोनं शिकवलं तुमाले?"

त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी खुरपं खाली न घेता म्हणाली, "वानात भेटलं आमाले."